चिंचोके काढणारे भाऊजी

आमच्या थोरल्या ताईच्या यजमानांइतका स्वतःच्या मनावर अविश्वास असलेला माणूस उभ्या शहापूर-मुरबाडात झाला नसेल. भाऊजी शेतीखात्यात होते. भाताची नवी वाणं शेतकऱ्यांच्या खाचरांत जुन्यांशेजारी लावून पाहणं हे त्यांचं काम. पण कोणत्या खाचरात कोणतं लावायचं हे ते कधी स्वतः ठरवत नसत. "आपण निवडलं की आपला लोभ निवडतो," असं म्हणून पिशवीत हात घालत आणि न बघता चिंचोका काढत. अख्खा आला तर नवं वाण, फोडलेला आला तर जुनं. पुढे ती पिशवी घरातही फिरू लागली. मुलं खोकत होती तेव्हा कुणाला अडुळसा आणि कुणाला ज्येष्ठमध यासाठीही ती निघाली, तशी ताई कडाडली, "अहो, पोरं आहेत ती, खाचरं नाहीत!"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ज्या वाणावर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती ते डोळखांबकडच्या एका म्हाताऱ्याच्या शेतात लागलं. आपला हात इथे पक्षपात करेल, म्हणून भाऊजींनी पिशवी म्हाताऱ्याच्याच हाती दिली. नवं भात असं पिकलं की वरच्या साहेबांनी ते तालुकाभर वाटायचं ठरवलं. भाऊजी ही बातमी सांगायला गेले, तर म्हातारा जेवण वाढता वाढता खुशीत म्हणाला, "मंग! अख्खा चिंचोका हाताला लगेच लागतो, सायब. वहाळाकडच्या चांगल्या खाचरांना मी तेच काढले. तुमचं बियाणं पावणं. पावण्याला काय खडकाळीत बसवायचं? आमचं जुनं घरचंच हाय, कुठं पण ऱ्हातं."

बोटांनाही कळतं, हे इतक्या वर्षांत भाऊजींच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा भात मागून घेतला, पोटभर जेवले आणि कचेरीत जाऊन स्वतःचा प्रयोग स्वतःच रद्द करवला.

"म्हातारबाबा बोलले नसते तर कुणाला कळलं असतं?" ताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आता मला कळलंय ना," भाऊजी म्हणाले.

पुढच्या वर्षी सारख्या घडीच्या चिठ्ठ्या टाकल्या. नवं वाण जुन्याच्या बरोबरीनं उभं राहिलं, पुढे काही गेलं नाही. तालुकाभर वाटायचं कायमचं राहून गेलं.

यंदा भाऊजी गेले. दिवसांना म्हातारा, आता नव्वदी ओलांडलेला, मुलाच्या आधाराने आला. ते भात तो अजून लावतो म्हणे, वहाळाकडच्याच खाचरात. मी विचारलं, जास्त येतं का? "नाय वो. पन सायबाचं हाय, टाकवत नाय."

या निवडीला भाऊजींनी हरकत घेतली असती का, ते मला नक्की सांगता येत नाही. विचारायला आता ते नाहीत.