डोंग्याची दोन टोकं

आधी तिचं सांगतो, मग काय झालं ते. पवनीला वैनगंगेच्या घाटावर एक आजी मासे विकायला बसते. ढिवराच्या घरची, आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. तिचा म्हातारा डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन मासे धरतो, ती विकते. आज पुण्याजवळच्या आमच्या दोघांच्या या खोलीत माझी बायको आत भात टाकते आहे आणि मी दारात बसून हे लिहितो आहे, ते त्या आजीमुळं. मी नववीतच शाळा सोडली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्नाला आठवडा झाला होता. माझं गाव लाखांदूरकडचं, बायकोचं साकोलीकडचं. पुण्याच्या कंपनीतली माझी सुटी संपत आली होती आणि तिनं माझ्यासोबत पुण्याला यायचं ठरलं होतं. म्हणजे मोठ्यांनी ठरवलं होतं. तिला विचारलं की ती नुसतं "पाहू" म्हणायची. त्या "पाहू"नं माझी झोप गेली. मी खोलीत गेलो की ती मोबाईल उलटा ठेवायची. माहेरचा फोन आला की अंगणात जाऊन बोलायची. मनात नको ते यायचं. हिचं कोणी असेल का? लग्नाला हो म्हणाली ती कोणाच्या धाकानं?

पुण्यात पाहिलं होतं, रविवारी जोडपी जुने किल्ले, देवळं पाहत फिरतात, फोटो काढतात. म्हटलं, आपल्याकडं पवनी आहे. तट आहे, जुना दरवाजा आहे, जिकडं पाहावं तिकडं देऊळ आहे, नदी आहे. तिथं नेलं तर बोलेल तरी. वहिनीनं निघताना बजावलं, "जा ना भाऊजी. पन बसमंदी तिच्या बाजूले नोका बसू. गावचे लोक असतेत, लाज वाटन तिले."

म्हणून ती पुढं बायकांच्या सीटवर आणि मी मागं. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, चांगली फुगलेली.

"येवढं काय हाय त्यात?" मी घरीच विचारलं होतं.

"काई नाई."

अर्ध्या दिवसाच्या फिरण्याला एवढी पिशवी कायले? पवनीवरून गाड्या बदलत साकोलीला जाता येतं, हे मला बस सुटल्यावर सुचलं. मग साऱ्या रस्त्यानं मी तिची पाठच पाहत बसलो.

पवनीत उतरलो तेव्हा गावात चालतो तसंच चाललो. मी पुढं, ती बरीच मागं. वळून पाहिलं तर ती थांबून स्टँडकडं पाहत होती.  मी उगाच चपलेचा पट्टा ठीक करायला वाकलो, तिला पुढं जाऊ दिलं आणि मागून चालू लागलो. दरवाज्यापाशी तिचा फोटो घ्यायचा होता, पण "थांब" म्हणायला जीभ रेटेना. मागूनच घेतला. घाटाच्या पायऱ्या उतरताना आणखी एक घेतला.

तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट पकडलं. आजीच ती.

"काहून बे? मंगापासून पाहून राहिली मी. पोरीच्या मांगं मांगं फिरतं अन् फोटो काढतं?"

"आजी, माही बायको हाय ते."

"बायको! अन् चोरून फोटो?"

कपडे धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. दोन पोरं मोटारसायकल सोडून आली. एकानं माझा मोबाईल हिसकला. "बायको हाय तं तुहं नाव सांग म्हन तिले."

सगळे तिच्याकडं पाहू लागले. ती नदीकडं पाहत राहिली.

"पोरी, हा तुहा कोन होय?" आजीनं विचारलं.

तिनं पिशवी छातीशी ओढली.

"चाल बे ठाण्यात," दुसरा पोरगा म्हणाला.  

आजी एकदम पोरांवर उलटली. "चूप राहा रे! दोघायच्याबी नखात एकच हळद हाय, दिसत नाई का? नवी पोरगी तुमच्यासमोर नवऱ्याचं नाव घेईन? तुही माय घेते का तुह्या बापाचं? दे त्याचा मोबाईल."

बाया हसल्या. पोरं मोबाईल देऊन निघून गेली. मी आजीच्या पाया पडायला वाकलो, पण तिनं मनगट सोडलं नव्हतं.

"थांब. नाव नाई घेतलं, समजलं. पन मानबी नाई हालवली तिनं. काहून?"

हे मी आठ दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

आजीनं तिला टोपल्याशेजारी बसवलं.  मग ती माशांकडं पाहतच बोलली, "लग्नात एक बाई म्हने, याची पुण्यात दुसरी हाय. दोन दिवाळ्या गावाले आला नाई, तं उगाच नाई."

 मी तिच्यावर नजर ठेवून होतो, आणि ती माझ्यावर.

"मले नोको सांगू," आजी म्हणाली. "त्यालेच विचार."

तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "कोन रायते तुमच्यासंगं?"

"आमी चार जन. कंपनीतलेच."

"रांधते कोन?"

"बारीबारीनं. माही बारी असली का बाकीचे भाईर खायाले जातेत."

आजीनं माझी बोटं उलटी करून पाहिली. टोकांना भाजल्याचे डाग होते. आम्ही भात खाणारे. भाकर मी पुण्यात शिकलो, ती पलटवताना बोटांना तवा लागतोच. "पाय पोरी. घरवाली असती तं बोटं अशी असती का?"

"असन. तिले रांधता येत नसन."

आजी एवढी हसली की टोपल्यावरची माशी उडाली. मला हसू येईना. मी म्हटलं, "तं मंग चाल अन् सोताच्या डोर्‍यानं पाहून घे. खोटं निंघालं तं मीच आनून सोडतो साकोलीले."

ती उठली, पिशवी माझ्या हातात दिली. "धरा. जड हाय." त्यात तिची सगळी नवी लुगडी होती, माहेरी निघून जायला भरलेली. हे तिनं पुण्यात आल्यावर सांगितलं.

निघताना आजीचा म्हातारा डोंगा घेऊन काठाला आला. आजी टोपलं घेऊन चढली आणि दुसऱ्या टोकाला बसली. मी म्हटलं, "आजी, बाबाच्या बाजूले बसा ना, फोटो काढतो."

"बाजूले बसलो तं डोंगा उलटन, बाबू. सारा जलम दोन टोकालेच गेला."

त्या फोटोत आजी पूर्ण आली, म्हातारा अर्धाच.

शंका साफ गेली असं म्हणत नाही. दाराची कडी वाजली की ती आधी उठून पाहते, कोण आलं ते. तिचा मोबाईल उलटा दिसला की माझी नजर अजून तिकडं जाते. पण आता आम्ही विचारतो.

आजी, एक ना एक दिवस मी परत येईन. तुम्हा दोघांना घाटाच्या पायरीवर, जिथं काही उलटत नाही तिथं, एकमेकांच्या बाजूला बसवीन. तो फोटो मोठा करून काचेत घालून तुमच्या हातात देईन.