रोही मारायचा परवाना

माझ्या वावराच्या चारही धुऱ्यांवर, बांधांवर, साड्या बांधलेल्या आहेत. त्यात एक लग्नाचा शालूही आहे. हिवरखेडकडे जाणारे फटफटीवाले बघून हसतात. हसू द्या. त्यांच्या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरत नसतील, त्यांचं नशीब.

त्या साली सोयाबीन शेंगेतच सडलं. उरला फक्त हरभरा. घरातली वर्षाची डाळ त्यातली आणि पुढचं बियाणंही त्यातलंच. नवरा अमरावतीला नोकरीत, वावर माझ्या अंगावर. रोज सकाळी रोह्यांचा कळप येऊन घाटे असे ओरबाडायचा, की माझा जीव जळायचा. घोड्याएवढं जनावर, साडीला किती दिवस भिणार? मी सरळ वनखात्याच्या कचेरीत जाऊन मारायची परवानगी मागितली.

साहेब म्हणाले, "बाई, रोहीच खातात हे कशावरून?"

"मंग त्यायलेच सही कराले घेऊन येऊ काय?"

हेलपाटे घालून परवाना मिळाला, तर निवडणूक लागली आणि सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. घ्या! त्या सुटेपर्यंत मुदतीचा शेवटचा दिवस उरला. अटी तर विचारूच नका. जनावर माझ्याच वावरात पडलं पाहिजे, धुऱ्यापलीकडे नाही. मादी मारायची नाही. हरणाकडे तर बघायचंही नाही. मेलेलं जनावर सरकारचं, ते जाळून टाकायचं आणि पंचनाम्यावर सही माझी. मी सगळं कबूल केलं. मला रोह्यांची कीव नव्हती, आजही नाही.

धाकट्या दिराने अकोल्याहून बंदुकीवाला शिकारी आणला. त्याने वावर पाहिलं आणि म्हणाला, "साड्या सोडाव्या लागतील, वहिनी. जनावर आत आलं तरच मारता येईल."

म्हणजे अख्खा हंगाम ज्यांना हाकललं, त्यांना आता पाट मांडून जेवायला बोलवायचं! पण अट ती अट. एका बाजूच्या साड्या मी दातओठ खात सोडल्या आणि आम्ही तुरीच्या आडोशाला बसलो.

उन्हं वर आली तसा कळप आला. निळसर नर बाहेरच घुटमळत राहिला. आत आली ती भुरी मादी, मागे तिचं पिल्लू. शिकाऱ्याने बंदूक तिच्यावरच रोखली.

"अवो, मादी हाये ते," मी म्हटलं.

"नर म्हणून लिहू. जाळल्यावर कोण बघतं?"

दीर कुजबुजला, "वैनी, चूप राहा. आज नाही मारलं त हरभरा गेला समजा."

खरं होतं त्याचं. पण लिहिणार हा, आणि खाली सही माझी? टाळकंच सरकलं माझं. पाखरं हाकलायचा पत्र्याचा डबा हाताशी होता. उभी राहिले आणि असा बडवला, की कळप धुरा ओलांडून पार झाला. जाताना उरलेल्या साड्याही फाडून गेला.

शिकारी चिडून निघून गेला. दीर उसळला, "येड्या झाल्या काय तुमी? समोरचं जनावर हाकललं! दादाले काय सांगू?"

"सांगा, माराचा परवाना भेटला होता, खोटं बोलाचा नाही. अन् भाऊजी, वावराची एवढी काळजी असन, त उद्यापासून डबा वाजवाले तुमी या."

तो काही आला नाही. त्या साली निम्माच हरभरा हाती लागला. बाईने हट्टापायी पीक घालवलं, असं गाव म्हणालं. म्हणू दे.

शिकारी गेला त्या दिवशी दुपारी मात्र मी पेटी उघडली. घरात जुनी साडी उरली नव्हती. सासूबाई ओरडल्या, "अवो, लग्नाचा शालू हाये तो!"

"मंग? पेटीत ठेवून तो डाळ देते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मादी पिल्लाला घेऊन आली. धुऱ्यावर शालूची जर उन्हात चमकत होती. ती थबकली आणि शालूकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

"ये ना," मी डबा उचलून म्हटलं. "परवाना संपला. मी हाये अजून."