दुसरा फुगवटा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जळगावचा पारा पंचेचाळीसवर गेला आणि कोकिळाच्या संगणकावर सलग अकराव्या दिवशी तीच रेघ उमटली. एकच फुगवटा, मोठा, पसरट, बेढब.

"ताई, आज भी एकच शे का?" प्रयोगशाळेतले शिपाई सुकदेवभाऊ मागून डोकावले. सोनगीरचे सुकदेवभाऊ विज्ञान शिकले नव्हते, पण कोकिळाच्या संशोधनाच्या सहा वर्षांत फुगवटे मोजायला मात्र शिकले होते.

"एकच," ती म्हणाली. तिला रडूही येईना.

कोकिळाने पाच पायऱ्यांत बनवलेला रेणू केळ्यासारखा मधे वाकलेला होता. खोक्यात केळी भरावीत तसे हे रेणू थरात बसतात, सगळ्यांची पाठ एकीकडे. म्हणून थराची एक बाजू धन होते, दुसरी ऋण. त्यात हे रेणू थरात कललेही, की थराला डावं-उजवं येतं, जे सुट्या रेणूत नसतं. ते तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. वरची, एकाच दिशेचा प्रकाश सोडणारी ध्रुवक काच जराशी एका बाजूला फिरवली की अर्धे ठिपके काळे पडत, उलट फिरवली की उरलेले. आता प्रश्न एकच राहिला होता. शेजारच्या दोन थरांच्या पाठी एकाच दिशेला, की उलटसुलट? उलटसुलट असतील, तर चढता-उतरता विद्युतदाब दिल्यावर दर अर्ध्या फेरीत प्रवाहाचे दोन फुगवटे यायला हवेत; एकाच दिशेला असतील तर एकच, पण तोही टोकदार, असा बेढब नाही. सोमवारी समितीपुढे सादरीकरण होतं, आणि तसे स्पष्ट फुगवटे नसतील तर प्रबंध लिहायला परवानगी नाही, असं प्रेमराज सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, तोंडावर सांगितलं होतं.

अक्षय्य तृतीया जवळ आली होती; पाचोऱ्याजवळच्या गावाहून आईचा, यशोदाबाईंचा, फोन आला. "आखाजीले येस ना? केळी भराले आम्हले एक सकाळ लागस, तुले सहा वरीस लागनात!"

"आई, माझी केळी दिसत नाहीत गं," म्हणून तिने फोन ठेवला.

चिडून तिने जुन्या वह्या काढल्या. पदार्थ पूर्ण वितळून पारदर्शक व्हायचं तापमान जानेवारीत एकशे अडुसष्ट होतं. मार्चअखेर एकशे पासष्ट. काल एकशे साठ. म्हणजे पदार्थच बिघडत होता. तिच्या रेणूतला एक दुवा पाण्याने तुटतो, हे ती दुसऱ्यांना शिकवायची. ते तुटके तुकडेच प्रवाह वाहून खरे फुगवटे झाकत होते. पण या उन्हाळ्यात पाणी येणार कुठून? मानेवर गारवा लागला तशी ती मागे वळली.

कूलर. होळीनंतर तिनेच सुकदेवभाऊंच्या मागे लागून तो आपल्या खिडकीत बसवून घेतला होता. त्याच ओल्या वाऱ्यात तिने रोज बाटली उघडली, रोज सेल भरला. सेल म्हणजे दोन काचांमधली बारीक फट, तिच्यात वितळलेला पदार्थ सरकवायचा.

"भाऊ, कूलर बंद करा."

"कूलर बंद कया त आठे बठ्ठा मरी जातीन, ताई!"

"तुझ्या केळ्यांसाठी आम्ही भाजायचं होय गं?" पलीकडच्या टेबलावरून ज्योती ओरडली. ती कोकिळाची सहकारी संशोधक. ओरडली खरी, पण वही उचलून ग्रंथालयात निघूनही गेली.

उरलेले चाळीस मिलिग्रॅम कोकिळाने पुन्हा स्फटिक करून शुद्ध केले, तेव्हा हाती अठरा आले, जेमतेम एक तापमान घेऊन एक सेल भरता येईल इतके. निर्वातात दोन दिवस वाळवले. शनिवारी दुपारी बंद, तापलेल्या खोलीत तिने सेल भरला. घाम काचेवर पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधली होती. विद्युतदाब दिला. पसरट डोंगर नाहीसा झाला, आणि सपाट रेघेवर दोन टोकदार फुगवटे आले. शेजारी शेजारी.

तिने धावत सरांना बोलावलं. सर जिना चढून आले, आलेखावर वाकले. "दाब वाढव."

तिने वाढवला. पडद्यावरची रेघ एकदम उडाली. सेल शॉर्ट झाला होता.

"दुसरा भर."

"पदार्थ संपला, सर. पण हा आलेख आहे ना!"

"एकदाच आलाय. तूच म्हणतेस पदार्थ बिघडला होता. मग हा तरी पूर्ण शुद्ध होता कशावरून?"

"पारदर्शक व्हायचं तापमान घेतलंय. एकशे अडुसष्ट."

"तेही एकदाच," सर शांतपणे म्हणाले. "समितीकडे सहा महिने मागतो. नव्याने बनव."

"पाच पायऱ्या, सर?"

"पाचच आहेत."

सर गेले. ते बरोबर होते, म्हणून तिला जास्त राग आला. हातमोजे तिने जमिनीवर आपटले. मग तेच उचलले, छापलेल्या आलेखाखाली 'एकदाच' असं लिहिलं, आणि पहिल्या पायरीचं रसायन तोलायला तराजूची काच उघडली.