बरफानं जळालं

त्या सकाळी मी तिच्या चोळीची गाठ मारली. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या, मग कोण मारणार. "आवळा की जरा," ती म्हणाली, "ढोराला दावं तर बराबर बांधता." हसलो दोघं. मग जीप धरून दवाखान्यात गेलो.

बाहेरपर्यंत रांग. आत खुर्चीत नवा डाक्तर. त्यानं पट्टी सोडली, बोटांचे काळे शेंडे पाहिले अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाला, "काय रे, रॉकेल टाकलं का बायकोवर?"

रांग हसली.

"न्हाई साहेब. बरफानं जळालं."

"बरफानं? काश्मीरहून आलास का?"

पुन्हा हसले.

मी सांगत राहिलो. आमचं शेत धरणात गेलं. मग त्याच पाण्यातल्या माशांवर पोट. ठेकेदाराच्या शेडमध्ये मी पेट्या चढवायचो, ती बरफ फोडून माशांवर थापायची. उघड्या हातानं. सकाळपासून गाडी सुटेस्तोवर. त्यात थंडीचे दिवस. बोटं आधी बधिर झाली, मग फोड आले, मग शेंडे काळे पडले. ह्याच दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डाक्तरनं बराबर ओळखलं होतं. थंडीनं बोटांचं मास मेलं, म्हणाला. दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला या, चुकवाल तर हात जाईल. तो आता गावाला गेलेला. त्याच्या खुर्चीत हा.

"खरं बोलेपर्यंत पट्टी नाही. बाहेर बस."

बसलो. ऊन डोक्यावर आलं. जखम उघडी, तिच्यावर माशा. ती पदरानं झाकायची, पदर चिकटायचा. शेवटी तीच म्हणाली, "म्हना की व्हय. म्हना चुलीवर भाजलं. पट्टी तरी होईल."

आत गेलो. "भाजलं साहेब."

"कुणी भाजलं?"

मी तिच्या हाताकडं पाहिलं.

"कान धर."

डोक्यावर एक काळा केस उरला न्हाई माझ्या. कान धरले. त्या सगळ्यांपुढं.

"म्हण, पुन्हा बायकोला जाळणार नाही."

म्हणालो.

त्यानं भाजल्याचं मलम चोपडलं. "उघडं ठेवा, सुकेल. परत यायचं काम नाही."

जीपनं गाव आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी चुलीचं म्हना म्हनलं होतं. कान काहून धरले?"

म्हाताऱ्या डाक्तरनं दिलेला दिवस आला. मी म्हणालो, चल. ती म्हणाली, "पुन्हा कान धरायचे का?" गेलो न्हाई. हात कोपरापर्यंत सुजला. ताप चढला. नांदेडला नेऊन राहिलो होतो, वारंगा फाट्याच्या पुढं जीपमध्येच गेली.

माती झाली. संध्याकाळी ठेकेदार दारात आला. चप्पल काढली न्हाई.

"बाबा, कुणी इचारलं तर चुलीवर भाजली म्हना. दवाखान्यात तुमीच तर कबूल झाले. तेराव्याचं मी बघतो."

तवा मला कळलं. कान मी धरले अन् सुटला हा. तिची पट्टी बंद झाली ती त्या खोट्यानं, अन् तेच खोटं आता ह्याच्या कामाला येऊन राहिलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "चूल तिला कधी चावली न्हाई. तू चावला. निघ."

सुतकात घर सोडू नये म्हणतात. दुसऱ्या सकाळी मी सोडलं. शेडवर गेलो. बरफाची गाडी येऊन राहिली होती. बाया कामाला उभ्या. त्यांच्यात आमच्या शेजारची गयाबाई, तिची दोन बोटं निळी पडलेली. मी रस्त्यात बसलो. चाकापुढं.

ठेकेदार ओरडला, "म्हाताऱ्या, सुतक हाय तुला. घरी बस."

"गयाबाईला तुझ्या जीपमध्ये घाल. दवाखान्यात ने. अन् डाक्तरपुढं तुझ्या तोंडानं सांग, माझ्या बरफानं जळालं. जखम सुकेस्तोवर दर खेपेला तूच न्यायचं. मग गाडी आत."

"न्हाई नेलं तर?"

"तर घाल अंगावर."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वाजवतच राहिला. मी मांडी घातली. गयाबाईनं हातातली बरफ फोडायची मोगरी खाली टाकली अन् माझ्या बाजूला येऊन बसली.