मामीच्या कॉम्प्युटरातली पावलं

माझी मामी बूट बनवते. दुकानात खोक्यातून मिळतात ते नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचा तळवा सपाट, कुणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं असतं. अशा लोकांसाठी ती बूट करते. तिच्या घरातली पुढची खोली म्हणजेच कारखाना. खिडकीखाली उंच टेबल, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले लाकडी साचे, चामड्याचा आणि डिंकाचा वास. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याचा पंखा सुरू झाला की खोलीतली माणसं आपोआप आवाज चढवून बोलू लागतात.

मामी सातवीपर्यंत शिकलेली. हे काम तिने एका कारखान्यात टाचा ठोकता ठोकता उचललं. पण तिची पद्धत एखाद्या प्रयोगशाळेला शोभेल अशी आहे. गिऱ्हाइकाला कोऱ्या कागदावर उभं करायचं, पेन्सिल अगदी सरळ धरून पावलाभोवती रेघ ओढायची, दुखतं तिथे फुली मारायची. मग तो कागद स्कॅन करायचा आणि त्याच कागदाला कात्री लावून बुटाचा तळ बेतायचा. कागद त्यात संपतो, चित्र तेवढं कॉम्प्युटरात उरतं. कागदावर ती नाव लिहीत नाही, कारण कुठेही लिहिलं तरी ते कातरणात जातं. नाव फक्त फाइलला.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

"इंजिनियर बाई, कॉम्प्युटरचं पोट भरलंय म्हणे. स्कॅनर काही ऐकायला तयार नाही. शनिवारी ये."

"मामी, आता नवाच घेऊ या ना."

"लोकांचे पाय जुने झाले की मी काय नवे पाय देते का? ये तू."

घाई असण्याचं कारण होतं पोस्टातल्या ताई. या ताई वीस वर्षं पायी फिरून टपाल वाटतायत आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याचं हाड वाकलेलं आहे. आठ वर्षांपासून त्या मामीचेच बूट घालतात. हल्ली दुखायला लागलं म्हणून त्या नव्या डॉक्टरांकडे गेल्या, तर ते ऑपरेशनचं बोलू लागले. ऑपरेशन म्हणजे चार महिने घरी, आणि त्यानंतर बहुतेक कायमची पोस्टाच्या खिडकीमागची खुर्ची. ताईंना ती खुर्ची नको होती. डॉक्टर म्हणाले, हाड दर वर्षी थोडं थोडं सरकत असेल तर कापावं लागेल, आणि वर्षानुवर्षं होतं तिथेच असेल तर बुटावर भागेल. पण आठ वर्षांपूर्वी ते कुठे होतं हे सांगणार कोण? ताई म्हणाल्या, "आमच्या बूटवाल्या वहिनींकडे माझी सगळी पावलं आहेत." सोमवारी ती पावलं घेऊन जायचं ठरलं.

शनिवारी दुपारी मी कॉम्प्युटरपुढे बसले. ऐंशी जीबीची डिस्क, तिच्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. मामी चहा टाकायला आत गेली आणि मी मोठ्यांदा विचारत सुटले.

"मामी, माझ्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे. ठेवायचा?"

"तू केक खातेयस. नऊ मिनिटं नुसती खातेयस. काढून टाक."

मग मला रीसायकल बिन दिसला. आत एकतीस जीबी! कुणीतरी मुद्दाम त्याची मर्यादा शेवटपर्यंत वाढवून ठेवली होती. हे बघून तरी मी थांबायला हवं होतं. पण मला हसू आलं. एवढा केर साठवून माणूस म्हणतं जागा नाही! मी बिन रिकामा केला.

"मामी, एकतीस जीबी मोकळी! एका क्लिकमध्ये!"

"कुठली ग?"

"रीसायकल बिनमधली."

मामी स्वयंपाकघराच्या दारात आली. "त्यात जुनी पावलं होती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. गिऱ्हाइकाचं नवं पाऊल काढलं की ते समोर ठेवायचं आणि मागच्या वर्षीचं बिनमध्ये टाकायचं. लागलं की तिथून परत काढता येतं, हे कॉम्प्युटर बसवणाऱ्यानेच तिला दाखवलं होतं. जागा कमी पडेल म्हणून मर्यादाही तिनेच त्याच्याकडून वाढवून घेतली होती.

"अगं पण कचऱ्याच्या डब्यात कुणी कामाच्या वस्तू ठेवतं का?"

मामीने पायाने टेबलाखालची पेटी पुढे ओढली. तीत चामड्याचे तुकडे होते. "ही माझी पेटी. अर्ध्या बुटांची ठिगळं यातूनच निघतात. त्या चित्राखाली रीसायकल लिहिलंय. म्हणजे परत वापरायचं ना? कचरा कुठे लिहिलंय, दाखव."

मी चार वर्षं कॉम्प्युटर शिकले आहे. तिथे कचरा लिहिलेलं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. माझा चेहरा पडला तशी ती म्हणाली, "तोंड नंतर पाड. आता काय करता येतं ते बोल."

मी आधी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. मग तिला समजावू लागले की पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, फक्त तिची नोंद जाते, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत...

"म्हणजे साचे भिंतीवरच आहेत, चिठ्ठ्या तेवढ्या पडल्या," मामी म्हणाली.

"हो. पण त्या खुंटीवर दुसरं काही अडकवलं तर..."

"मग कुणी हात लावायचा नाही. चहा पी आणि लाग कामाला."

मी डिस्क बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि पुसलेली चित्रं शोधणारा प्रोग्राम लावला. सापडेल ते तो वेगळ्या डिस्कवर उतरवत होता. रविवारी सकाळी आकडा थांबला तो अकराशे त्रेसष्टवर. काही पावलं अर्धीच होती, टाच आहे तर बोटांच्या जागी करडे पट्टे. पण खरी अडचण निराळीच होती. सगळ्यांची नावं आणि तारखा गेल्या होत्या. उरले होते नुसते क्रमांक.

"अकराशे बेवारशी पावलं," मी म्हणाले. "यातून ताईंची कशी शोधायची?"

"बेवारशी कशी? माझी आहेत," म्हणत मामीने चष्मा लावला आणि माझ्या शेजारी स्टूल ओढलं.

नंतरचे पाच तास मी जे बघितलं ते मला एखाद्या प्रोग्रामला शिकवता येईल असं वाटत नाही. मी चित्र उघडायचे आणि मामी बोलायची.

"बेकरीवाला. भट्टीपुढे डाव्या पायावर रेलून उभा असतो, म्हणून डावा पसरलाय. पुढे. हे ड्रायव्हरचं, क्लचचा पाय. ही शिक्षिका, करंगळी बघ कशी शेजारणीवर चढून बसलीय. हा तो भांडखोर, प्रत्येक जोड परत आणून देतो आणि पुन्हा माझ्याकडेच येतो. पुढे."

चौथ्या की पाचव्या सेकंदाला उत्तर. मी मधेच तिला फसवायला बेकरीवाल्याचं पाऊल पुन्हा उघडलं.

"आता बेकरीवाल्याला काय तीन पाय फुटलेत?" ती म्हणाली. "नीट काम कर."

दुपारपर्यंत ताईंच्या डाव्या पायाची सात चित्रं मिळाली, त्यातलं एक अर्धं, पण अंगठा शाबूत. मागच्या वर्षीचं आठवं बाहेरच होतं, नावासकट. पण सातांचा क्रम? कुठलं कोणत्या वर्षीचं हे कळल्याशिवाय डॉक्टरांना त्यांचा काही उपयोग नव्हता. इथे मी हात टेकले. मामी मात्र चित्रं मोठी करून टाचेपाशीच बघत राहिली.

"ही रेघ बघ. एका दमात वळलीय. आणि इथे टाचेमागे थांबून पुन्हा सुरू झालीय. माझं मनगट मोडलं होतं ना? त्यानंतर माझा हात तिथे अडकतो. म्हणजे ही तीन त्यानंतरची." मग आणखी जवळ जाऊन, "त्यातही आधी जास्त अडकायचा. मग व्यायाम केला."

माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला. स्कॅनरच्या काचेवर एक बारीक ओरखडा आहे, तो चार चित्रांत दिसत होता, तिनांत नव्हता. काच कधी खरवडली हे मामीला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी तिनेच त्यावर चामडं टोचायची आरी ठेवली होती. तिचं मनगट, माझा ओरखडा आणि तिने मधेच बदललेली जाड पेन्सिल यांच्या आधाराने आम्ही सात वर्षं ओळीने लावली.

संध्याकाळी ताई आल्या. मामीने त्यांना कागदावर उभं केलं.

"दोन्ही पायांवर सारखा भार. पोस्टात उभ्या असता तशा नको."

"पोस्टात उभं राहायला मिळतं कुठे, वहिनी? चालूनच जीव जातो."

डिस्क परत बसवून मोकळ्या झालेल्या जागेत नवं पाऊल स्कॅन केलं, नऊही पातळ कागदांवर छापली आणि मामीने ती एकावर एक खिडकीच्या काचेला चिकटवली. मागून उन्हं येत होती. आठ वर्षांच्या रेघा अंगठ्यापाशी जवळजवळ एकच झाल्या होत्या. आजची तेवढी आत वळली होती, काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी.

"म्हणजे सरकलंय," ताई खाली बसल्या.

मामीने ताईंच्या पायातला बूट काढून घेतला, आत दोन बोटं घातली आणि खिडकीपाशी जाऊन बघितला.

"सरकलंय ते याच वर्षी. आधी आठ वर्षं हललेलं नाही. आणि हे माझ्यामुळे झालंय. हा जोड पुढून निमुळता केलाय मी."

"अहो, मीच मागे लागले होते. आधीचे बोजड दिसतात म्हणून. मी मागितलं, तुम्ही दिलंत."

"मागणं तुमचं काम. नाही म्हणणं माझं."

तिने डॉक्टरांना पत्र सांगितलं, मी टाइप केलं. आठ वर्षं अंगठा जागेवर होता, या वर्षी हलला तो मी केलेल्या अरुंद बुटामुळे, असं ते होतं. मी हळूच 'कदाचित' घातलं. तिने पडद्यावर वाचलं आणि म्हणाली, "तो कदाचित काढ."

"वहिनी, हे लिहायची काय गरज?" ताई म्हणाल्या. "गुपचूप रुंद जोड करून द्या की. तुमचं नाव कशाला खराब करून घेता?"

"मी गप्प बसले तर डॉक्टर समजतील हाड आपणहून सरकलं. मग ते कापतील. कापल्यावर मी बूट कशाला रुंद करू?"

सोमवारी मी रजा टाकली. सकाळभर बसून सापडलेली आणि बाहेरची, सगळी पावलं हलक्या फॉरमॅटमध्ये आणली. तीच चित्रं, पण एकतीस जीबीची दोन जीबीदेखील भरेनात. मामी ओळखेल तशी त्यांना नावं दिली आणि 'जुनी पावलं' असं वेगळं फोल्डर केलं. निम्म्याहून जास्त डिस्क रिकामी झाली. मामीने तो रिकामा पट्टा बघितला आणि "आता वीस वर्षं बघायला नको" म्हणाली. डिस्क तेवढी टिकणार नाही, एक प्रत माझ्याकडे ठेवते, असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाली, "ठेव. पण पेटीत टाकू नकोस."

दुपारी ताईंचा फोन आला. डॉक्टरांनी रेघा मोजल्या, पत्र दोनदा वाचलं, आणि ऑपरेशन तूर्त पुढे ढकललं. रुंद बूट घालून सहा महिने चाला, मग पुन्हा पाऊल काढून आणा, असं सांगितलं. वाढलेलं दिसलं तर मात्र कापणार.

"सहा महिने," मामी फोनवर म्हणाली. "बरं. उद्या फेरीला निघायच्या आधी या. तोवर घरात अनवाणी. तो जोड पायात दिसला तर बघा."

फोन ठेवून तिने ताईंचा नवा कागद टेबलावर पसरला. अंगठ्याच्या बाजूने पेन्सिलीने जागा सोडत दुसरी रेघ ओढली, मोजली, खोडली, आणखी थोडी बाहेर ओढली. मग कात्री घेतली.