आत्याच्या आवाजातलं पाणी

अर्नाळ्याच्या त्या कोळ्यांच्या घरात पहिल्याच फेरीला माझी फजिती झाली होती. मी मूळची साताऱ्याकडची, वसईतल्या एका केंद्रात वाचा-उपचार करते. घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी. कान तिखट, समज चोख, पण तोंडातून शब्द फुटत नाही आणि हात कसाबसा हलतो. तिच्यासाठी मी एक बोलका डबा नेला. चित्राचं बटण दाबलं, की आत भरलेलं वाक्य ऐकू येतं. वाक्यं मीच भरली होती, अगदी शाळेतल्या बाईंसारखी: "मला पाणी हवे आहे." पोरगी बटणाला हात लावेना.

"मॅडम, आमच्यात असं कोन बोलतं?" तिची आत्या म्हणाली. बाजारात मासळी विकणारी बाई ती, भाचीला तिनंच वाढवलेलं. मग सगळी वाक्यं नव्यानं भरायला तीच डब्यासमोर बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मना पानी दे!" पोरगी खदखदून हसली. त्या दिवशी तिनं इतकं पाणी मागितलं, की तिची आई वैतागली. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं.

पुढे दोनेक महिन्यांत आत्या अचानक गेली. दहावं व्हायच्या आधी मी भेटायला गेले, भर दुपारी. बाहेरच्या खोलीत, तिला ठेवलं होतं त्या जागी दिवा तेवत होता. दिव्याशेजारी पाणी ठेवतात, ते आमच्याकडेही ठेवतात. पण इथं पेले, वाट्या, स्टीलचे ग्लास, सगळे काठोकाठ भरून भिंतीपर्यंत मांडलेले. इतकं पाणी कशाला, असं विचारणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"मना पानी दे!"

आत्याचाच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मुलीची आई लगबगीनं उठली, आणखी एक ग्लास भरून दिव्यापाशी ठेवला आणि हात जोडले. "पी बाय, पी." मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सारखी मागते. तहानलेली गेली ना."

आतून पुन्हा तेच. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई! मी धावले, पायानं दोन ग्लास लवंडले. आत पोरगी खाटेवर, ओठ सुकलेले, मूठ बटणावर. जेवणाबरोबर पाजतील तेवढंच पाणी तिच्या पोटात जात होतं. मी तिला पाजलं, तिनं घटाघट दोन ग्लास संपवले.

"अहो, ही मागतेय, ही! तुमची लेक!" मी ओरडलेच. सुतकाचं घर आहे, याचंही भान राहिलं नाही.

आई उंबऱ्यावरच थबकली होती. "आवाज तिचा हाय मॅडम. त्या आवाजाजवल माझ्यानं येववत नाय. पुसून टाका तो."

"पुसला तर ही बोलणार कशानं? तुमचा भरूया." असं म्हणत मी डबा घ्यायला हात पुढे केला. खरं सांगते, मलाही तो आवाज आता नको झाला होता. पण पोरीनं डबा छातीशी ओढला. वाकडं बोट हळूहळू सरकवत तिनं कोपऱ्यातलं एक बटण गाठलं. ते तिनं कधी वापरलेलं मी पाहिलं नव्हतं. आत्या कायम शेजारीच असायची, गरजच पडली नसेल.

"जवल ये गो," आत्या म्हणाली.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दाराची चौकट घट्ट धरली. पोरगी तिच्याकडेच बघत होती. तिनं पुन्हा दाबलं.

आईनं डोळे गच्च मिटले आणि उंबरा ओलांडला. आंधळ्यासारखी चाचपडत ती खाटेपर्यंत आली. पोरीचे केस हाताला लागले, तेव्हा तिचा हुंदका फुटला.

"आले गो," ती म्हणाली, "आले."