काकूंनी जत्रेला जावं की नाही

नवरा गेलेल्या बाईने रविवारी कुठे जायचं, हे ठरवायला आमच्या सोसायटीत सगळ्यांना भरपूर वेळ आहे.

लिफ्ट कधीची बंद आहे, त्यावर मीटिंग होत नाही. यावर झाली. तीही जिन्यात.

अण्णा आणि काकू आमचे शेजारी. अण्णा थंडीत गेले. आज त्यांच्या आवडत्या गावची जत्रा होती, म्हणून आज लिहितेय. आणि चिडून लिहितेय, आधीच सांगते.

अण्णांची नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये झाली. रिटायर झाल्यावर त्यांचा एकच उद्योग, आसपासच्या गावांतल्या जत्रा शोधणं. त्यांच्यासोबत फिरणं म्हणजे डोक्याला ताप होता.

वीकेंडला कुठे जायचं ते मी रील बघून ठरवणार. सेव्ह केलेली ठिकाणं ढीगभर. "ठाण्याजवळची ही जागा कुणालाच माहीत नाही" म्हणून पोचावं, तर पार्किंगला जागा नाही.

अण्णा म्हणायचे, "अगं, रील बघून गेलीस की रील बघून आलेलेच भेटणार."

बरं, मग तुम्ही सांगा. तर लोकेशन नाही, तारीख नाही. नुसतं "चैत्रात बघू."

त्यांची पद्धतच वेगळी. डोंबिवलीच्या मच्छी मार्केटमध्ये बसणाऱ्या बऱ्याच बायका आजूबाजूच्या गावांतल्या. चैत्रात एखादीची जागा रिकामी दिसली की समजायचं, तिच्या गावात जत्रा आहे. अण्णा पिशवी घेऊन मासे आणायला जायचे आणि मासे न आणता जत्रेची बातमी घेऊन यायचे. इकडे काकूंचा मसाला वाटून तयार.

एकदा वनिताची जागा रिकामी दिसली. वनिता म्हणजे आमची नेहमीची मासेवाली, शीळफाट्याकडच्या गावातली. अण्णांनी कुणाला काही विचारलं नाही. घरी येऊन जाहीर केलं, चला, आज वनिताच्या गावची जत्रा.

गाडी माझी. काकू जरीच्या साडीत, मांडीवर नारळ आणि हार.

गावात शिरलो, तर वनिताच्याच दारात मांडव. अण्णा खूश. "बघ, म्हटलं नव्हतं?"

वनिताच्या सासूचं तेरावं होतं.

काकू नारळ पर्समध्ये कोंबत होत्या, तो मावेना. मी गाडी रिव्हर्सला टाकली. आणि अण्णा उतरून सरळ मांडवात जाऊन बसले. आलोच आहोत तर बसू थोडा वेळ, म्हणाले. माझा अख्खा रविवार तिथे गेला.

निघताना अण्णांनी वनिताला, आम्ही जत्रा समजून आलो होतो, हे सांगूनही टाकलं. तिचे डोळे रडून सुजलेले, आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. यंदा आमच्या घरात काही नाही, पुढच्या वर्षी जत्रेला नक्की या, म्हणाली.

त्यानंतर दरवर्षी गेलो. अण्णांचं म्हणणं, जत्रेला जायचं तर गावात एक तरी घर आपलं पाहिजे, नाहीतर माणूस पाळणे बघून परत येतो. आम्हाला ते घर असं मिळालं.

यंदा अण्णा नाहीत. वनिताने मार्केटमध्ये काकूंना आमंत्रण दिलं. काकू हो म्हणाल्या.

झालं.

वर्षाच्या आत सण करत नाहीत. वर्षाच्या आत जत्रा कसली? तळमजल्यावरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तू तरी समजव त्यांना. पुण्याहून काकूंच्या मुलाचा फोन, आई, लोक काय म्हणतील. हे लोक त्या वेळी काकूंच्याच सोफ्यावर चहा पीत बसलेले.

काकू सगळ्यांना बिस्किटं देत होत्या.

मग कुणीतरी वनितालाच मार्केटमध्ये गाठलं. तूच आता नको म्हणून सांग, म्हणे. हे कळलं तेव्हा माझं टाळकंच सरकलं. दुसऱ्याच्या आमंत्रणात नाक खुपसायचं म्हणजे काय?

संध्याकाळी वनिता काकूंच्या घरी आली. सगळे होतेच जमलेले. ती दारातच उभी राहिली.

"काकू, पूजा नका करू. पन जेवाला तं याल ना? अन्ना नाय म्हनून मी तुमची कोन नाय काय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"मीनल, गाडी काढशील?"

आज गेलो.

देवळाच्या पायरीशी काकू बाहेरूनच हात जोडून उभ्या राहिल्या. मग वनिताच्या घरी मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या. बाहेर बेंजो, आत पाहुण्यांची गर्दी, आणि वनिताचं "घ्या ना काकू" चालूच. काकू पोटभर जेवल्या. अण्णा गेल्यापासून त्यांना असं जेवताना मी बघितलं नव्हतं.

परतताना शीळफाट्याला ट्रॅफिक. माझा राग अजून उतरला नव्हता. मी बडबडतच होते. म्हटलं, काकू, पुढच्या वर्षीपण जायचं, कोण अडवतं तेच बघते.

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला जत्रा कधीच आवडली नाही गं. ती धूळ, तो आवाज. डोकं उठतं. हे निघायचे म्हणून मी निघायचे."

एवढं सगळ्यांशी भांडून आणलं यांना. मग आज का आलात, विचारलं.

"घरात बसून बघितलं. घरात नाहीत ते. म्हटलं, तिथे तरी असतील."

गाडी पुढे सरकली. मी रेडिओ लावला नाही.

अण्णा, सोसायटीतर्फे नाही. काकूंतर्फे, वनितातर्फे आणि माझ्यातर्फे, भावपूर्ण श्रद्धांजली.